बंगळुरात बसून आगबोटीतील खोली निवडताना

वाचकहो, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच असलेल्या शहरात बसून आगबोटीतील खोली निवडण्याचा प्रसंग आपल्यावर कधी आला आहे काय? आम्हा बंगळूरकरांवर तो येऊ शकतो, आणि गेल्या हिवाळ्यात आमच्या कुटुंबावर तो आला. मुंबईहून निघायचे, गोव्याला जाऊन परत यायचे, एवढीच ती सागरसहल. पण जहाजाचा मजलावार नकाशा स्वयंपाकघरातील मेजावर पसरला, तेव्हा घरात जितकी माणसे तितकी मते निघाली. त्या चर्चेतून आम्ही जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवावे म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, ही सहल आम्ही काढली ती आईसाठी. तिचे माहेर मालवणचे. वयाच्या नवव्या वर्षी, म्हणजे १९६२ साली, ती आपल्या वडिलांबरोबर पहिल्यांदा बोटीने मुंबईस गेली. पुढे लग्न होऊन ती बंगळुरास आली, आणि मग तिचा समुद्र सुटला तो सुटलाच. येथे तळी आहेत, उद्याने आहेत, हवा तर अशी की वर्षभर पंखा नसला तरी चालेल, असे जुने लोक सांगतात. पण संध्याकाळी उलसूर तळ्याच्या काठी बसून आई म्हणते, "पाणी छान आहे रे, पण याला पलीकडचा काठ दिसतो." आज ती बहात्तर वर्षांची आहे. गुडघे कुरकुरतात. ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणण्याचे दिवस आता राहिले नाहीत, हे आम्ही न बोलताही जाणून होतो.

माझा व्यवसाय भाषांतराचा. त्यामुळे माझी पहिली अडचण शब्दाचीच झाली. बंगळुरात ‘केबिन’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती साहेबांची काचेची खोली. जुन्या मराठी लेखकांनी जहाजावरील या जागेला ‘कोठडी’ म्हटलेले आढळते, पण तो शब्द ऐकून सहलीचा उत्साहच मावळावा! शेवटी मी ‘खोली’ हाच साधा शब्द पत्करला. आई मात्र जहाजाला अजूनही ‘आगबोट’ म्हणते. आता त्यात ना आग राहिली ना वाफेचे यंत्र, पण शब्द टिकला आहे.

जागेची निवड ही आपल्याला नवीन गोष्ट नाही. बंगळूरहून मुंबईस जाणाऱ्या उद्यान एक्सप्रेसचे तिकीट काढताना आपण काय करतो? वृद्धांना खालचा बर्थ, मुलांना वरचा, आणि कर्त्या माणसाला जो उरेल तो. येथे आपण आरामाची किंमत पाहत नाही, माणूस पाहतो. जहाजावरील खोली निवडतानाही हाच न्याय लावावा, असे माझे आता मत झाले आहे. तथापि सुरुवातीला मी असा विचार केला नव्हता. मी केवळ भाडे पाहिले, आणि सर्वांत स्वस्त अशा दोन आतल्या खोल्या, त्याही जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाच्या, मनाशी ठरवून मोकळा झालो. ती चूक का होती, ते पुढे सांगतो.

जहाजावरील खोल्या ढोबळमानाने चार प्रकारच्या असतात. पहिली आतली खोली. तिला खिडकी नसते. दिवा मालवला की मध्यरात्र आणि मध्यान्ह यांत काही फरक उरत नाही. ज्यांना गाढ झोप हवी आणि जे दिवसभर बाहेरच राहणार, त्यांना ती उत्तम. दुसरी खिडकीची खोली. तिच्या भिंतीत जाड काचेची गोल किंवा चौकोनी खिडकी असते. ही खिडकी उघडत नाही, हे ध्यानात असू द्यावे. प्रकाश येतो, समुद्र दिसतो, पण वारा येत नाही. तिसरी सज्जाची खोली. बाहेर दोन खुर्च्या मावतील एवढा सज्जा असतो आणि तेथे वाराही मिळतो. चौथी म्हणजे प्रशस्त दालन, ज्यात बैठक वेगळी व शयनगृह वेगळे. या चौथ्याचे भाडे वाचून आमच्या घरात क्षणभर शांतता पसरली आणि पान उलटले गेले.

सज्जा ही आज सर्वांना हवीशी वाटणारी गोष्ट, पण ती जहाजांवर सर्रास आली ती अलीकडे. १९८४ साली ‘रॉयल प्रिन्सेस’ हे जहाज निघाले. त्यातील सर्व खोल्या बाहेरच्या बाजूला होत्या, आणि ही तेव्हा नवलाची गोष्ट मानली गेली. २०२१ साली मुंबईहून सागरसहलींवर जाऊ लागलेले ‘एम्प्रेस’ हे जहाज मूळचे १९९० सालचे. त्या काळच्या बांधणीत सज्जे थोडे आणि आतल्या खोल्या पुष्कळ. म्हणून जहाज कोणत्या सालचे आहे, हेही विचारून घ्यावे. त्यावरून खोल्यांची रचना बरीचशी कळते.

आता त्या पुढच्या टोकाच्या खोलीविषयी. जहाज दोन प्रकारे हलते. लाटांवर त्याची नाळ वर उचलली जाते व खाली येते, हा एक प्रकार. ते उजव्या-डाव्या कुशीवर कलते, हा दुसरा. मुलांच्या बागेतील सी-सॉ आठवा. टोकाला बसलेले मूल उंच जाते आणि खाली आपटते, मधोमध उभे असलेले मूल जवळजवळ जागच्या जागी राहते. जहाजाचेही तसेच आहे. पुढच्या आणि मागच्या टोकांना उचल-आपट अधिक, मध्यावर कमी. आणि झाडाच्या शेंड्याला झोका मोठा, बुंध्याला लहान, त्याप्रमाणे वरच्या मजल्यांवर कलणे अधिक जाणवते, पाण्याच्या जवळच्या मजल्यांवर कमी. म्हणून बोट लागण्याचा ज्यांना त्रास आहे, त्यांनी मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. गंमत अशी की, पुष्कळदा खालचे मजले स्वस्त असतात. मोठ्या जहाजांना दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंख असतात, त्यांनी कलणे बरेच आवरले जाते. तरीही ते पूर्ण थांबत नाही.

बोट लागते का? आपले डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरे सांगते. बंद खोलीत डोळ्यांना भिंत स्थिर दिसते, पण कान म्हणतो, आपण हलतो आहोत. या विसंवादाने मळमळ सुरू होते. क्षितिजाकडे पाहिल्यावर दोघांचे एकमत होते आणि बरे वाटते. म्हणजे खिडकी ही निव्वळ चैन नव्हे, काहींच्या बाबतीत ते औषधच आहे. आल्याचा तुकडा, आवळासुपारी, लिंबू हे आपले घरगुती उपाय जवळ असावेतच. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना आधी विचारावे, विशेषतः वृद्धांना रक्तदाबाची किंवा अन्य औषधे चालू असतील तर.

नकाशा वाचताना आणखी एक युक्ती उपयोगी पडते. आपल्याला हवी असलेली खोली शोधावी, आणि मग तिच्या बरोबर वरच्या व खालच्या मजल्यावर काय आहे ते पाहावे. वर नाचगाण्याचे दालन असेल तर रात्री झोप नाही. वर भोजनगृह असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकल्याचे आवाज. अगदी मागे यंत्रांचा थरकाप, अगदी पुढे नांगराच्या साखळीचा खडखडाट. वर खोल्या, खाली खोल्या, दोन्ही बाजूंना खोल्या, अशी खोली शांत समजावी. उद्वाहकापासून ती फार दूर नसावी, कारण जहाजावरील बोळ लांबच लांब असतात आणि दुखऱ्या गुडघ्यांना ते अधिकच लांब वाटतात. काही खिडक्यांसमोर बचावनौका टांगलेल्या असतात. समुद्राऐवजी नौकेचे पोट पाहावे लागते, आणि ते नकाशात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. बारीक अक्षरे वाचणे हा माझा धंदाच असल्याने, निदान येथे तरी माझी नोकरी घराच्या कामी आली.

भाड्याचेही गणित समजून घ्यावे. ते बहुधा एका खोलीत दोन माणसे धरून सांगितलेले असते. तिसऱ्या-चौथ्यास कमी पडते, पण एकट्याने खोली घेतली तर जवळजवळ दोघांचे द्यावे लागते. सांगितलेल्या रकमेवर बंदराचे शुल्क आणि कर चढतात. म्हणून पहिला आकडा न पाहता शेवटचा पाहावा.

हे सर्व मी त्या रात्री मोठ्या उत्साहाने घरच्यांना समजावून देत होतो. आई भाजी निवडत ऐकत होती. माझे झाल्यावर तिने एकच प्रश्न केला, "यातून किनारा कुठे दिसेल?" मी म्हणालो, "आई, आतल्या खोलीतून काहीच दिसत नाही. पण वर डेक आहे ना, हवा तितका वेळ तेथे बस." ती गप्प राहिली. मग आपल्या मालवणी बोलीत म्हणाली, "माका थाट नको रे. किनारो खंय आसा ता कळाक व्हया." थाटमाट नको, पण किनारा कोणत्या बाजूला आहे ते कळले पाहिजे, एवढेच तिचे मागणे.

या मागण्याच्या मागे काय आहे, हे मला त्या रात्री प्रथमच कळले. कोकणच्या बोटीने गेलेली माणसे आज थोडी उरली आहेत, म्हणून आपल्यालाही सांगतो. त्या काळी मुंबईहून निघालेली बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत गोव्याकडे जाई. अनेक ठिकाणी ती धक्क्यास लागत नसे, खोल पाण्यात उभी राही. किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्याजवळ जायचे, आणि हेलकावणाऱ्या पडावातून खलाशांच्या हातांचा आधार घेऊन वर चढायचे. बहुतेकांचे तिकीट डेकचे. वळकटी पसरली की तीच खोली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही बोटसेवा बंद पडली. २०१८ साली ‘आंग्रिया’ या जहाजाने काही काळ मुंबई-गोवा प्रवासाची आठवण पुन्हा जागी केली, पण तेही टिकले नाही.

आणि त्या आठवणींत एक नाव हळू आवाजात घेतले जाई, ते ‘रामदास’ बोटीचे. १७ जुलै १९४७ रोजी, भर पावसाळ्यात, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आईचा जन्म त्यानंतरचा, पण किनाऱ्यावरच्या घरांत ती हकिकत मुलांना वारशासारखी मिळे. पहिल्या प्रवासात ती घाबरून झोपेना, तेव्हा तिच्या वडिलांनी तिला कठड्याशी नेऊन दूरचे दिवे दाखविले आणि सांगितले, "तो बघ किनारा. दिवा दिसतो आहे तोवर निर्धास्त नीज." ती निजली. त्र्याहत्तरीकडे झुकलेल्या माणसाच्या मनातही ती नऊ वर्षांची मुलगी जागी असते, हे भाड्याच्या तक्त्यात कोठे लिहिलेले नसते.

त्यानंतर आमची निवड निराळ्या दिशेने झाली. मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाज दक्षिणेकडे जाते, म्हणजे किनारा डाव्या हाताला. परतताना तो उजव्या हाताला येतो आणि डाव्या बाजूस मोकळा समुद्र व सूर्यास्त. म्हणजे डाव्या बाजूची एकच खिडकी जाताना किनाऱ्याकडे आणि येताना सूर्यास्ताकडे पाहते. खोलीची बाजू पाहण्याची ही हौस आमचीच नव्हे. विलायतेच्या बोटींवर वातानुकूलन नव्हते, तेव्हा तांबड्या समुद्रातील उकाड्यात सावलीच्या बाजूची खोली मिळावी म्हणून प्रवासी धडपडत. आपण मराठीतही सहज वापरतो तो ‘पॉश’ हा शब्द त्यावरूनच निघाला, अशी एक कथा सांगतात. तिला पुरावा मात्र मिळत नाही. शब्दांच्या जन्मकथा अनेकदा अशाच, ऐकायला गोड आणि तपासायला कठीण.

सुरक्षिततेचा विचारही केला. संकटकाळी उद्वाहक वापरू देत नाहीत, जिनेच चढावे लागतात. म्हणून अगदी तळाचा मजला सोडला, आणि बचावनौकांच्या मजल्यापासून थोडेच जिने खाली असलेला मजला धरला. शेवटी ठरले ते असे. त्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर, उद्वाहकाजवळ दोन खोल्या. डाव्या अंगाची खिडकीची खोली आई आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी. तिच्या समोर, बोळाच्या पलीकडे, आतली खोली मी, पत्नी आणि धाकट्या मुलासाठी. दोन्ही दरवाजे समोरासमोर. भाड्यातील फरक थोडाथोडका नव्हता. मुलांची वर्षाची वह्या-पुस्तके त्यात आली असती. तो भरून काढण्यासाठी आम्ही गोव्यातील मोटारीची सशुल्क फेरी सोडली आणि जहाजावरील जादा पैसे पडणाऱ्या खाद्यपेयांना आधीच नमस्कार केला. पत्नी म्हणाली, "देखावा आईंच्या खोलीत, झोप आपल्या खोलीत. बेरीज ठीक आहे."

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि बॅलार्ड पिअर यांत फारसे अंतर नाही. रेल्वेने उतरणाऱ्या बंगळूरकरांना ही मोठी सोय. जहाजावर चढताच प्रवाशांना आपत्तीच्या वेळी कोठे जमायचे ते दाखविले जाते. ही तालीम जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच व्हावी, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१५ पासून अमलात आहे. काहीजण ती कंटाळ्याने उरकतात. आईने मात्र खोलीच्या दरवाजामागील नकाशा चष्मा लावून पाहिला आणि मुलीचा हात धरून जमण्याच्या जागेपर्यंत जिने चढून दाखविले. "एकोणतीस पायऱ्या," ती म्हणाली, "जमेल मला."

रात्री धाकटा उठला. आमच्या आतल्या खोलीत त्याला मळमळू लागले. त्याला उचलून मी समोरचे दार ठोठावले, तर ते लगेच उघडले. आई जागीच होती. तिने त्याला मांडीवर घेतले आणि खिडकीबाहेर पाहायला लावले. पहाटेच्या अंधारात पाण्याच्या कडेवर बारीक दिव्यांची एक ओळ दिसत होती. मी विचारले, "हा किनारा का?" आई हसली. "छे रे. मासेमारीच्या होड्या आहेत. किनारा बराच आत आहे. पण होड्या त्याच बाजूला असायच्या." दिवे मोजता मोजता धाकटा झोपी गेला. त्याची मळमळ क्षितिजाने थांबली की आजीने, हे मी सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी डेकवर बसलो असता मी तिला विचारले, "तेव्हाचा प्रवास चांगला की आताचा?" तिने थोडा विचार केला. "तेव्हा समुद्र सगळा होता, पण पाठ टेकायला गादी नव्हती. आता गादी आहे आणि खिडकीएवढा समुद्र आहे. या वयात एवढा पुरे." त्यावर मला गांधीजींची आठवण झाली. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून विलायतेस निघाले, तेव्हा इंग्रजी बोलण्याचा संकोच आणि काट्या-चमच्यांची भीती यांमुळे ते खोलीतच राहत आणि घरून आणलेली मिठाई व फळे तेथेच खात, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. सोबतचे वकील गृहस्थ त्यांना बाहेर पडून लोकांत मिसळण्याचा आग्रह करीत. खोली कितीही चांगली असली तरी समुद्र बाहेर आहे, आणि डेकवरील वारा आतल्या खोलीच्या प्रवाशाला आणि दालनवाल्या प्रवाशाला सारखाच लागतो. ज्यांच्या खिशाला आतलीच खोली परवडते, त्यांनी मनात किंचितही कमीपणा मानू नये. आमच्या घरातील तिघे तेथेच सुखाने झोपलो.

म्हणून वाचकहो, आपणही केव्हा अशी सहल काढलीत तर नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळू द्यावा. जहाजाचा नकाशा मागवावा, आणि भाड्याचा तक्ता उघडण्यापूर्वी घरातील प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा: रात्री जाग आली तर तुला काय दिसायला हवे? कोणी म्हणेल काहीच नको, कोणी म्हणेल आई, कोणी म्हणेल समुद्र. पहिल्याला आतली खोली द्यावी, दुसऱ्याला आईजवळची, आणि खिडकी तिसऱ्यासाठी राखावी. हा प्रश्न घरातील सर्वांत वडील माणसाला सर्वांत आधी विचारावा. मी तो सर्वांत शेवटी विचारला होता. तिकिटे काढली जाण्यापूर्वी उत्तर मिळाले, हे आमचे भाग्य.